चपलेचा रबर, सोल्युशनचा वास आणि पायांचा बधिरपणा: बचत गटाच्या युनिटसाठी सल्ला हवा

काळीमाती (जि. वर्धा)

नमस्कार. आर्वी तालुक्यातील एका गावात आमच्या महिला बचत गटाचे चपला तयार करण्याचे छोटे युनिट आहे. नागपूरच्या व्यापाऱ्याकडून रबराच्या शीट आणि तयार पट्टे आणायचे, हातप्रेसवर डाय (कापण्याचा साचा) ठेवून तळ कापायचे, ग्राइंडरवर कडा घासायच्या आणि भोके पाडून पट्टे ओढायचे, एवढेच काम सुरुवातीला होते. साधी स्लिपर आमच्याकडे आठवडी बाजारात बारा महिने खपते, पण एका जोडीमागे हाती उरणारी रक्कम फार थोडी असते. म्हणून गेल्या दिवाळीपासून आम्ही बायकांच्या उंच टाचेच्या चपला करू लागलो. त्यांत शीटचे दोन-तीन थर एकमेकांवर चिकटवावे लागतात आणि रेग्झिनचे पट्टे त्या थरांच्या मध्ये दाबून बसवावे लागतात. त्यामुळे पूर्वी जवळजवळ न लागणारे सोल्युशन, म्हणजे चिकटवण्याचा द्रव, आता रोज लागते.

चिकटवण्याचे काम तिघी जणी करतात. त्यांतील दोघींना काही आठवड्यांपासून दोन्ही पायांच्या बोटांत मुंग्या येतात, आणि एकीच्या पायातून चालता चालता चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला ते कळले नाही. तिघींचेही संध्याकाळी डोके जड होते. गावात मात्र बधिरपणा म्हटला की लोकांच्या मनात पहिली शंका कुष्ठरोगाची येते, त्यामुळे या दोघी दवाखान्यात जायलाही कचरत आहेत, आणि याचेच मला सर्वांत अधिक दुःख आहे.

व्यापारी म्हणतो की शीट शंभर टक्के रबराची आहे आणि रबराने कुणालाच काही होत नाही. या शीटमध्ये खरोखर काय असते, ती ओळखायची कशी, आणि त्रास शीटमुळे होतो की सोल्युशनमुळे? सोल्युशन मोठ्या डब्यातून सुटे मिळते, त्यावर कोणताही कागद नसतो, आणि घट्ट झाले की आम्ही त्यात पेट्रोल घालतो. काम जमिनीवर बसून चालते आणि पावसाळ्यात खोलीच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मिक्सिंगमिल (बुटीबोरी)

ताई, मी अनेक वर्षे रबराच्या कारखान्यात मिक्सिंग विभागात काम केले आहे, त्यामुळे शीटविषयी खात्रीने सांगू शकतो. प्रकृतीविषयी इथले डॉक्टर लिहितीलच, पण त्यांची वाट पाहू नका. ज्या दोघींना मुंग्या येत आहेत त्यांना आजपासूनच चिकटवण्याच्या कामावरून काढा आणि सोल्युशनच्या खोलीत पुन्हा बसू देऊ नका.

स्लिपरची शीट कधीच शंभर टक्के रबराची नसते आणि ती तशी असूही शकत नाही. झाडाच्या चिकातून मिळणारा नैसर्गिक रबर मुख्यतः केरळमधून आणि त्याखालोखाल त्रिपुरामधून येतो. नुसता तो रबर उन्हाळ्यात चिकट होतो आणि थंडीत कडक पडतो. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक मिसळून रबर तापवण्याची जी रीत शोधली, तिच्यामुळे रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि तो ताणला तरी मूळ आकारावर परत येतो. स्लिपरच्या शीटसाठी नैसर्गिक रबरात एसबीआर हा पेट्रोलियमपासून होणारा कृत्रिम रबर आणि कडकपणासाठी हाय स्टायरीन रेझिन मिसळतात. त्यात चुनखडीची किंवा चिनी मातीची भुकटी, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक आम्ल, तेल, रंग, गंधक आणि गंधकाचे काम लवकर व्हावे म्हणून अॅक्सिलरेटर घालतात. शेवटी फुगवणारे रसायन पडते, ते तापलेल्या प्रेसमध्ये वायू सोडते आणि शीटमध्ये डोळ्यांना न दिसणारी असंख्य बंद छिद्रे तयार होतात. चुनखडी रबरापेक्षा पुष्कळ स्वस्त असल्यामुळे भाव पाडून मागितला की कारखानदार तिचेच प्रमाण वाढवतो. अशी शीट हातात जड लागते, वाकवली की घडीवर पांढरी रेघ उमटते आणि तळ लवकर झिजतो.

नव्या शीटच्या गठ्ठ्याला मासळीसारखा वास येत असेल तर तो बहुधा फुगवणाऱ्या रसायनाच्या विघटनातून आलेला असतो. याचा दुसरा अर्थ असा की शीट पुरेशी मुरलेली नाही. चांगला कारखाना प्रेसमधून काढलेली शीट भट्टीत ठेवून स्थिर करतो आणि मगच विकतो. कच्ची शीट लगेच कापली तर सहा नंबरचा तळ ग्राहकाच्या पायात थोडा लहान झालेला असतो. शीट आणल्यावर ती हवेशीर जागी पसरून ठेवा आणि वास गेल्याशिवाय कापू नका.

आता ओळखण्याविषयी लिहितो. बाजारात रबर म्हणून विकली जाणारी पुष्कळ शीट ईव्हीए या फोमसारख्या प्लास्टिकची असते. ती रबरापेक्षा स्पष्ट हलकी असते, अंगठ्याने जोरात दाबली तर खळगा काही वेळ टिकतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात अंगणात राहिलेली चप्पल आक्रसून लहान होते. असे झाले तर ती ईव्हीएची होती असे खुशाल समजावे, कारण गंधकाने बांधलेला रबर उन्हाने असा आक्रसत नाही. पट्टे मात्र बहुधा पीव्हीसीचे असतात. तुकडा जाळून पाहण्याची सवय अनेकांना आहे, ती कृपया सोडा, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते.

माझे मुख्य सांगणे मात्र पुढचे आहे. साध्या हवाई चपलेत सोल्युशन लागतच नाही. तीन भोके आणि पट्ट्याची तीन टोके एवढ्यावर ती उभी असते, आणि तिचे दोन रंगांचे थर कारखान्यातच प्रेसमध्ये उष्णतेने एकजीव केलेले असतात. तुम्हाला उंच टाचेची चप्पल करायची असेल तर हव्या त्या जाडीची, थर आधीच जोडलेली शीट किंवा साच्यात ओतलेला एकसंध तळ मागवा. किलोमागे थोडे अधिक पैसे जातील, पण दिवसभराचे चिकटवणे केवळ पट्टे बसवण्यापुरते उरेल. ज्या जागी चिकटवणे टळणारच नाही, तिथे पृष्ठभाग आधी खरखरीत घासून भुकटी पुसून घ्या. साचा सुटावा म्हणून लावलेले तेल आणि शीटच्या अंगावर आलेला पांढरट थर निघाला नाही तर सोल्युशन धरत नाही, आणि मग कामगार दुप्पट सोल्युशन लावत बसतात. लहान युनिटमध्ये सोल्युशनचा निम्मा खप याच कारणाने वाढलेला मी पाहिला आहे.

रबराने कुणालाच काही होत नाही हे व्यापाऱ्याचे म्हणणे तयार शीट कापणाऱ्याच्या बाबतीत बहुतांशी खरे आहे, पण ती शीट तयार करणाऱ्याच्या बाबतीत मुळीच खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था रबर उत्पादन उद्योगातील कामाला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवते. ब्रिटनमध्ये रबर लवकर जुना होऊ नये म्हणून घातल्या जाणाऱ्या एका पदार्थात बीटा नॅफ्थिलअमाइन हे रसायन होते. त्यामुळे कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे लक्षात आल्यावर १९४९ मध्ये तो पदार्थ बंद करावा लागला. आमच्या विभागात अॅक्सिलरेटरची भुकटी पिशवीतून हाताने मोजून टाकत असत आणि संध्याकाळी नाकपुड्यांत ती पिवळी दिसे. हीच रसायने तेलात भिजवलेल्या दाण्यांच्या रूपात मिळतात आणि त्यांची धूळ उडत नाही. थोडा अधिक दर देऊन कारखान्याने ती घ्यावीत, एवढीच आमची मागणी होती. तुम्ही शीट मागवताना रसायनांचे सुरक्षा पत्रक मागितलेत तर ती मागणी माझ्यासारख्या कामगारांपर्यंतही पोहोचते.

ग्रामीणवैद्यक

वरील सदस्यांनी दोघींना कामावरून काढण्याचा जो सल्ला दिला आहे तो सर्वप्रथम पाळावा. दोन्ही पायांत एकाच वेळी, बोटांपासून सुरू होऊन वर चढणारा बधिरपणा आणि सोबत सोल्युशनचा रोजचा संपर्क, असे चित्र असेल तर एन-हेक्झेनमुळे होणारा मज्जातंतूंचा विकार मनात आणावाच लागतो. हेक्झेन हा स्वस्त सोल्युशनमधला पटकन उडून जाणारा द्रव आहे. श्वासावाटे तो शरीरात गेला की यकृतात त्याचे हेक्झेनडायोन तयार होते आणि ते लांब मज्जातंतूंना टोकाकडून इजा करते. पायाचे मज्जातंतू सर्वांत लांब, म्हणून सुरुवात तिथून होते. सोल्युशनमध्ये मिथाइल इथाइल किटोन हा दुसरा द्रव मिसळलेला असेल तर हेक्झेनचा हा दुष्परिणाम आणखी वाढतो. एक गोष्ट या दोघींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत: संपर्क थांबल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने, बधिरपणा वाढत जाऊ शकतो आणि त्यानंतर तो हळूहळू ओसरू लागतो. लवकर थांबलेल्या रुग्णांमध्ये सुधारणा चांगली होते. पायातली शक्ती कमी झाल्यावरही काम चालू ठेवले तर मात्र उणीव कायमची राहू शकते.

हा आजार चपलांच्या धंद्याला नवा नाही. इटलीतील जोडे तयार करणाऱ्या कामगारांमध्ये बेंझीन या द्रवामुळे रक्ताचे गंभीर आजार दिसल्यावर १९६३ मध्ये तिथे सोल्युशनमधील बेंझीनवर कायद्याने मर्यादा आली. कारखान्यांनी त्याच्या जागी हेक्झेन आणले आणि पुढच्या वर्षांत कामगारांचे पाय लुळे पडू लागले. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरी बसून सँडल चिकटवणाऱ्या लोकांमध्ये हाच विकार आढळला, आणि तुमच्या युनिटशी सर्वांत जवळचे उदाहरण मला तेच वाटते. इस्तंबूलच्या मुझफ्फर अक्सोय या डॉक्टरांनी १९७४ मध्ये जोडे शिवणाऱ्या कामगारांतील रक्ताच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. तिथेही कारण बंद खोलीत वापरलेले बेंझीनयुक्त सोल्युशन हेच होते. म्हणून पेट्रोल घालणे तत्काळ बंद करा. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीनला एक टक्क्यापर्यंत मुभा आहे आणि त्यात हेक्झेनही असते. हाताला लागलेले सोल्युशन पेट्रोलने धुण्याची पद्धत असेल तर तीही थांबवा आणि त्याऐवजी खोबरेल तेल व साबण वापरा.

कुष्ठरोगाची शंका मनात ठेवून दवाखाना टाळण्यात दुहेरी नुकसान आहे. कुष्ठरोगात बहुधा त्वचेवर संवेदना हरपलेला फिकट किंवा लालसर चट्टा असतो, कोपराजवळची किंवा गुडघ्याबाहेरची नस जाड लागते, आणि दोन्ही पाय एकसारखे बधिर होण्याचे प्रमाण सुरुवातीला कमी असते. तो असला तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळते आणि उपचार सुरू होताच संसर्ग पसरणे थांबते. वर्ध्याजवळ दत्तपूरला आणि वरोऱ्याला आनंदवनात या रोगाच्या रुग्णांसाठी एवढे मोठे काम झालेल्या प्रदेशात त्याच्या नावाने एखादी बाई दवाखान्याची पायरी चढत नसेल, तर तिच्यासोबत गटातील कुणीतरी जायला हवे. तपासणीत रक्तातील साखर, बी-१२ जीवनसत्त्व, संपूर्ण रक्तगणना आणि मज्जातंतूंची वहनक्षमता पाहावी लागेल. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. केसपेपरवर व्यवसाय म्हणून केवळ मजुरी किंवा गृहिणी असे न लिहिता चप्पल चिकटवण्याचे काम आणि सोल्युशनचा संपर्क असे लिहून घेण्याचा आग्रह धरा, कारण तेवढ्या एका ओळीअभावी असे रुग्ण वर्षानुवर्षे नुसत्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत राहतात.

खोलीविषयी सांगायचे तर या वाफा हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असतात आणि जमिनीलगत साचतात, त्यामुळे खाली बसून काम करणारी बाई वाफ सर्वांत दाट असलेल्या थरात श्वास घेते. काम टेबलावर आणा, शक्य असेल तर ओसरीत किंवा मांडवाखाली करा. तोंडाला बांधलेला दुपट्टा किंवा साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाच्या डबीचा मास्क लागतो आणि ती डबी वेळेवर बदलावी लागते. साधा एक्झॉस्ट पंखा चिकटवण्याच्या खोलीत बसवू नका, कारण त्याच्या मोटरमधल्या ठिणगीने वाफ पेट घेऊ शकते. पंखा दाराबाहेर ठेवून स्वच्छ हवा आत ढकला आणि समोरच्या भिंतीत जमिनीलगत झरोका ठेवा. ग्राइंडर आणि चूल या खोलीपासून दूरच हवीत.

थोडे विषयाला जोडून: पट्ट्याच्या जागी पायावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाज, काळेपणा किंवा पांढरा डाग उठला तर ती रबरातील रसायनाची प्रतिक्रिया असू शकते. असे पांढरे डाग भारतात चांगलेच नोंदवलेले आहेत आणि त्यांनाही लोक कोड किंवा कुष्ठरोग समजतात. तुमच्या ग्राहकांपैकी कुणाची तक्रार आली तर तो पट्टा बदलून द्या आणि त्या व्यक्तीला त्वचारोग विभागात पाठवा.

गटई (यवतमाळ)

आमच्या घरी तीन पिढ्यांपासून जोडे शिवण्याचे काम आहे, टायरच्या तळापासून तयार सोलपर्यंत सर्व पाहिले आहे. व्यवहारापुरते थोडे लिहितो.

शीटचा भाव केवळ केरळच्या रबरावर ठरत नाही. कोट्टायमच्या बाजारात २०२४ च्या ऑगस्टमध्ये नैसर्गिक रबर किलोमागे २४० रुपयांच्या पुढे गेला होता, कारण जोराच्या पावसात झाडांचा चीक काढता येत नाही; फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीमुळेही उत्पन्न घटते. पण देशातला बहुतेक नैसर्गिक रबर टायर कारखान्यांकडे जातो. आपल्या शीटमध्ये कृत्रिम रबर आणि रेझिन बरेच असल्यामुळे खनिज तेल महागले की शीटही महागते. व्यापारी दर वेळी केरळच्या पावसाचे कारण सांगत असेल तर दोन ठिकाणचे भाव काढून पाहा. दिल्लीजवळचे बहादूरगड आणि केरळमधील कोझिकोड ही चामड्याविना चपलांची मोठी केंद्रे आहेत. शेजारच्या दोन-तीन गटांनी मिळून तिथून थर जोडलेली शीट मागवली तर वाहतूक परवडू शकते.

चपलेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीला ५ टक्के झाला आहे, त्यापूर्वी तो १,००० रुपयांपर्यंतच्या जोडीला १२ टक्के आणि त्यावरच्या जोडीला १८ टक्के होता. हवाई चपलेसाठी आयएस १०७०२ हे भारतीय मानक आहे. तुमच्या आकाराच्या युनिटला त्याचे बंधन कितपत लागू होते हे मानक ब्युरोच्या नागपूर शाखेत लेखी विचारून घ्या, कारण तोंडी उत्तरावर माल अडकलेला मी पाहिला आहे. पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकाम आणि पादत्राणे हा व्यवसाय येतो आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. टेबल आणि दाबयंत्र त्यातून घेता येईल का ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

उंच टाचेच्या मालाबद्दल माझे मत स्पष्ट सांगतो. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात ती चप्पल शेतकरी बाई घालत नाही, तिचा खप सणावारापुरता आहे. वावरात जाणाऱ्या बाईला चिखलात पट्ट्याचे टोक न निसटणारी, जाड तळाची साधी स्लिपर हवी असते आणि अशी मजबूत स्लिपर बाजारात सहज मिळत नाही. भोक थोडे लहान पाडून टोकाखाली रुंद चकती बसवली तर पट्टा टिकतो. त्या वस्तूला लोक थोडे अधिक पैसे देतात आणि तिला सोल्युशनचा थेंबही लागत नाही.

काळीमाती (जि. वर्धा)

सर्वांचे मनापासून आभार. दोघींना तळ कापण्याच्या कामावर घेतले आहे आणि पेट्रोलचा कॅन युनिटमधून हलवला आहे. सोमवारी मी स्वतः त्यांना घेऊन सेवाग्रामला जाणार आहे. दिवाळीची जी मागणी आधीच घेतली आहे तेवढी मात्र पूर्ण करावी लागेल. तिच्यासाठी पाण्यावर आधारित सोल्युशन चालेल का, आणि पावसाळी हवेत ते वाळेल का? चिकटवणाऱ्यांतील तिसरी सदस्य गरोदर आहे. तिला अजून मुंग्या येत नाहीत.

ग्रामीणवैद्यक

गरोदर सदस्येला चिकटवण्याच्या खोलीत अजिबात पाठवू नका, त्रास होत नसला तरीही. सोल्युशनमधल्या टोल्युइनसारख्या द्रावकाचा (इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवाचा) मोठा संपर्क गर्भाच्या वाढीला घातक ठरतो. सोमवारी तिलाही सोबत आणा आणि प्रसूती विभागातील नोंदीत हा संपर्क लिहून घ्या. सोल्युशनच्या डब्याचा आणि तो ज्या दुकानातून घेतला त्याच्या पावतीचा फोटो बरोबर ठेवा.

मिक्सिंगमिल (बुटीबोरी)

पाण्यावर आधारित सोल्युशन चालते, पण त्याची रीत वेगळी आहे. थर पातळ लावायचा, दुधाळ रंग जाऊन तो पारदर्शक होईपर्यंत थांबायचे आणि मगच दाब द्यायचा. ओला असताना जोडला तर आत पाणी अडकते आणि सांधा सुटतो. पावसाळी हवेत वाळायला बराच अधिक वेळ लागतो, म्हणून सकाळी लावून दुपारी जोडण्याचा क्रम ठेवा, किंवा कोमट हवेचा झोत द्या. सोल्युशन पॉलियुरेथेनचे असेल तर जोडण्याआधी थराला सुमारे ६० अंशांपर्यंत उष्णता द्यावी लागते. तळ ईव्हीएचा असेल तर त्याला सोल्युशनच्या आधी लावायचा वेगळा प्रायमर लागतो आणि अनेक प्रायमरमध्ये पुन्हा तेच द्रावक असतात, तेव्हा डब्यावरचा मजकूर वाचून घ्या. पूर्ण मागणीला हात घालण्याआधी काही जोड तयार करून एक रात्र पाण्यात ठेवा आणि सकाळी थर हाताने ओढून पाहा.